कष्ट कोणाचे, पुण्य कोणाचे?

माघ वारीत एके रात्री आमचे कीर्तन आटोपले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी उठली. एक तरुण तेवढा मागे राहिला. गळ्यात नवी माळ, हातात मोटारीची किल्ली. पाया पडून म्हणाला, "महाराज, रागावणार नसाल तर एक विचारतो. पंढरीला आता चौपदरी रस्ता होत आला. तिकडे गंगोत्रीच्या दारापर्यंत गाडी जाते. मग पायी कशाला चालायचं? पाय दुखवून घेतले म्हणजे देव जास्त भेटतो का?"

आम्ही चाळीस वर्षे कीर्तन करीत आलो. उत्तर जिभेवर तयार होते. "बाळा, जितके कष्ट तितके पुण्य. फुकटाचा देव कोणाला पावला आहे?" भोवती उभे असलेले चार लोक माना डोलावून हसले. तरुणही नमस्कार करून गेला. त्याचे समाधान झाले असेल किंवा नसेलही. आमचे मात्र झाले नाही. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. कारण जे उत्तर आम्ही दिले ते खोटे आहे हे आम्हांला २०१९ सालच्या ज्येष्ठापासून ठाऊक होते. व्यासपीठावरून खोटे बोलणे हा कीर्तनकाराचा सर्वांत मोठा अपराध. त्याचे परिमार्जन म्हणून हा लेख.

त्या वर्षी आम्ही सात वारकरी गंगोत्रीस निघालो होतो. पंढरीच्या माळकऱ्याला गंगोत्री कशाला, असे कोणी म्हणेल. पण नामदेवरायांनी उत्तरेची तीर्थे पायाखाली घातली, नाथबाबांनी गंगेची कावड खांद्यावर वाहिली, तेव्हा वारकऱ्याला ती वाट परकी नाही. ज्येष्ठ शुद्ध दशमी म्हणजे गंगादशहरा, गंगामाई पृथ्वीवर उतरली तो दिवस. त्या दिवशी उजाडता उजाडता तिच्या उगमाशी स्नान करावे आणि आषाढीला परत पालखीत हजर व्हावे, असा आमचा संकल्प.

नवमीच्या दुपारी आम्ही धराली गावी पोहोचलो. तेथून गंगोत्री सुमारे वीस किलोमीटर. दुपारी पाऊस झाला, पुढे दरड कोसळली आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. उद्या सकाळी रस्ता मोकळा होईल, असे सांगण्यात आले. उद्या सकाळी! आमचे स्नान तर पहाटेचे. चहाच्या दुकानातला म्हातारा हात जोडून म्हणाला, रात्री जाऊ नका, अस्वल असते, वर दगड सैल झालेले आहेत. आम्ही म्हणालो, वारकऱ्याला चालण्याची भीती घालता काय? दिवेघाट आम्ही उपाशी चढतो! एक गढवाली पोरगा सामान घेऊन वर निघालाच होता, तो वाट दाखवायला कबूल झाला. दिवेलागणीला "रामकृष्णहरि" म्हणून आम्ही पावले टाकली.

दरडीची जागा टाळण्यासाठी त्या पोराने आम्हांला रस्ता सोडून जुन्या पायवाटेने वर देवदारांच्या रानात नेले. त्या रानाचे वर्णन करण्याचे आमच्या अंगी सामर्थ्य नाही. पाठशाळेत अमरकोश घोकताना देवदाराची नावे म्हटली होती. शक्रपादप, भद्रदारु, पीतदारु, आणखी कितीतरी. गुरुजींनी छडी दाखवून पाठ करून घेतली. पण झाड ना त्यांनी पाहिलेले, ना आम्ही. आमच्याकडे देवदारू म्हणजे काढ्याच्या पुडीतील लाकडाचा तुकडा. आणि इथे ते समोर उभे! दोघांनी कवेत घेऊ म्हटले तरी मिठी पुरू नये असे बुंधे, सरळ वर गेलेले, आडव्या पसरलेल्या फांद्यांचे मजल्यांवर मजले. हे झाड सावकाश वाढते आणि कित्येक शतके जगते. ज्ञानोबा-नामदेव हिंडत होते तेव्हा यांतील एखाद्याचे पूर्वज याच जागी असेच उभे असतील, असा विचार मनात आला आणि आपोआप हात जोडले गेले. खाली सुयांसारख्या वाळल्या पानांचा असा जाड थर, की सात माणसे चालत असून पाऊल वाजेना. हवेत धुपासारखा वास. दूर खाली दरीत भागीरथीची घरघर तेवढी अखंड. आबांनी टाळ काढून दोनदा वाजवला आणि स्वतःच थांबवला. म्हणाले, "बुवा, इथं आधीच कोन तरी भजन करतंय."

हे आबा म्हणजे आमच्या दिंडीत पन्नास वर्षे टाळ धरणारे कोरडवाहू शेतकरी. पंचाहत्तरी गाठलेली, छाती थोडी अधू. धराली अडीच हजार मीटरांच्या वर आणि गंगोत्री सुमारे तीन हजार शंभर मीटर. सपाटीच्या माणसाला तिथे चार पावलांत धाप लागते. चढ आला की आबा बसत. पोरगा त्यांची पिशवी स्वतःच्या ओझ्यावर टाकून जवळ उभा राही. पहिल्या दोन वेळा आम्हीही थांबलो. तिसऱ्या वेळी आम्ही म्हणालो, "आबा, तुम्ही सावकाश या. पोरगा आहेच बरोबर. आम्ही भैरवघाटीला थांबतो." वाक्य किती साधे, नाही? पण चुलीतला निखारा पदरात बांधावा तसे ते वाक्य आज इतकी वर्षे आम्ही बाळगून आहोत.

भैरवघाटीला पोहोचलो तेव्हा नवमीचा चंद्र डोंगराआड गेला होता. देवळाशी दोन साधू धुनीजवळ बसले होते. आम्ही घटकाभर वाट पाहिली. आबा आले नाहीत. पुढे अजून नऊ-दहा किलोमीटर. मनात घड्याळ टिकटिकू लागले. आमच्यातील एक मावशी ओट्यावर बसली, पायांतली पायताणे काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. आबा आल्याबिगर मी उठत न्हाई." आम्ही तिला शास्त्र सांगितले. पर्वकाळ कोणासाठी थांबत नाही. संकल्प करून मोडणे दोषास्पद. आबांबरोबर माणूस आहे, इथे साधू आहेत. तिने वाद केला नाही. शास्त्र ऐकून घेतले आणि बसून राहिली. आम्ही पाचजण पुढे निघालो.

पहाटे चारला आम्ही गंगोत्रीस होतो. पाण्यात पाय घातला तो कापल्यासारखा झाला. अगदी हव्या त्या वेळी, हव्या त्या तिथीला, उगमाजवळच्या गंगेत उभे राहून आम्ही संकल्प म्हणू लागलो. संकल्पात "मम" हा शब्द येतो. माझ्या पापांच्या क्षयासाठी. हजार वेळा उच्चारलेला तो शब्द त्या दिवशी घशात अडकला.

दशहरा म्हणजे दहा पापे हरण करणारी. कायिक तीन: न दिलेले घेणे, हिंसा, परस्त्रीगमन. वाचिक चार: कठोर बोलणे, असत्य, चहाडी, असंबद्ध बडबड. मानसिक तीन: परद्रव्याचा अभिलाष, दुसऱ्याचे वाईट चिंतणे आणि वितथाभिनिवेश. थंडीने दात वाजत असताना आम्ही ही यादी मनात चाचपू लागलो. थकल्या सोबत्याला अंधाऱ्या रानात मागे टाकून पुढे येणे हे पाप यांतील कोठे बसते? आम्ही काही चोरले नव्हते, कोणाला मारले नव्हते, खोटे किंवा कठोरही बोललो नव्हतो. उलट किती गोड बोललो होतो, "आबा, सावकाश या." नऊ पापे तपासली, एकातही आमचे कृत्य बसेना. क्षणभर बरेही वाटले. मग दहावे उरले. वितथाभिनिवेश म्हणजे जे खरे नाही त्याला खरे मानून हट्टाने धरून बसणे. घड्याळातील पहाट खरी आणि आबांची धाप खोटी असे आम्ही रात्रभर धरून चाललो होतो. बाहेरून ते भक्तीसारखे दिसत होते, म्हणून तर ओळखू आले नाही. चोराला आपण चोर आहो हे ठाऊक असते. या दहाव्या पापात बुडालेल्याला वाटते, आपण तीर्थात बुडालो.

सकाळी दहाला आबा आले. एका बाजूला पोरगा, दुसऱ्या बाजूला मावशी. रात्रभर एका देवदाराच्या बुंध्याला टेकून बसले होते. पोराने स्वतःचे कांबळे त्यांच्या अंगावर घातले आणि पहाटेपर्यंत हात चोळीत जागा राहिला. उजाडल्यावर दोघे हळूहळू चालत भैरवघाटीस आले, तेथून मावशी सोबतीला आणि पुढे रस्त्याच्या कामाची एक गाडी मिळाली. आम्हांला पाहून आबा म्हणाले, "बुवा, न्हानं झालं ना येळेवर? लई बरं झालं." त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्ही उत्तर दिले असते. मग ते तिघे घाटावर उतरले. त्यांचे स्नान आम्ही वरून पाहिले. खरे स्नान कोणाचे झाले, हे वाचकांना सांगायला नको.

आता प्रश्नाकडे वळू. जितके कष्ट तितके पुण्य, हा पूर्वपक्ष. लोकांना तो फार आवडतो, कीर्तनकारांनाही. पण तो विचाराला टिकत नाही. कष्टानेच पुण्य मोजायचे तर यमुनोत्रीच्या चढावर यात्रेकरूला पाठीवर नेणाऱ्या खेचराला सर्वांत अधिक पुण्य द्यावे लागेल. कंडीत माणूस बसवून ती पाठीवर वाहणाऱ्या मजुराला बसणाऱ्यापेक्षा शंभरपट द्यावे लागेल. ते द्यायला आपण तयार आहो काय? त्याच्या मजुरीतले दहा रुपये कमी करण्यासाठी मात्र आपण घटकाभर भांडतो! शिवाय देहाला निष्कारण पिडणाऱ्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायाने तामस म्हटले आहे. आमची ती रात्र कष्टाची होती यात शंका नाही. वीस किलोमीटर, चढ, अंधार, थंडी. तरी तिच्यातून पुण्य निघाले नाही, अहंकार तेवढा निघाला. "दिवेघाट आम्ही उपाशी चढतो!"

बरे, मग कष्टात काही नाही असे ठरले, तर सोय बरी. त्या तरुणाचेच खरे. गाडीत बसावे, दारात उतरावे. हा दुसरा पक्ष. पण तोही सरळ नाही. कारण वाटेचे कष्ट कधी नाहीसे होत नाहीत. ते एकाच्या खांद्यावरून उतरतात आणि दुसऱ्याच्या खांद्यावर चढतात.

गंगोत्रीच्या वाटेचाच इतिहास पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेडरिक विल्सन नावाचा इंग्रज हर्षिलला येऊन राहिला. टिहरीच्या राजाकडून त्याने रानाचा ठेका घेतला. देवदार तोडायचे, ओंडके भागीरथीत सोडून द्यायचे, खाली मैदानात ते अडवायचे आणि रेल्वेच्या रुळांखाली घालायचे, असा त्याचा व्यापार. देवदाराला कीड लागत नाही, ते सडत नाही, म्हणून त्याला मागणी. आपले आजे-पणजे ज्या काळी प्रथम आगगाडीने काशी-हरिद्वारास जाऊ लागले त्या काळी उत्तरेतील किती रुळांखाली हे देवाचे लाकूड पडले असेल! त्यांचे पाय वाचले, झाडे पडली. त्यांना ते माहीत नव्हते, म्हणून दोषही नाही. आपल्याला माहीत आहे, हा फरक.

डिसेंबर २०१६ मध्ये चारधामांचे सुमारे नऊशे किलोमीटर रस्ते रुंद करण्याच्या कामाचा शिलान्यास झाला. सरहद्द जवळ, सैन्याला रस्ता हवा, म्हणून १४ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुंद रस्त्याला परवानगी दिली. उत्तरकाशीपासून गोमुखापर्यंतचा भागीरथीचा टापू २०१२ सालीच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून राखीव ठरला आहे. तरी त्याच टापूत रस्त्यासाठी हजारो देवदार तोडण्याचे प्रस्ताव पुढे आले आणि तेथील लोक त्या झाडांसाठी उभे राहिले. गढवालच्या लोकांना हे नवे नाही. १९७४ साली रेणी गावात गौरादेवी आणि गावच्या बायका झाडांना बिलगून उभ्या राहिल्या होत्या. आमची मावशी काही त्यांच्याविषयी वाचून ओट्यावर बसली नव्हती. पण जात एकच. पुढे जाण्याची घाई झालेल्या जगात अशी एक बाई कोठे तरी बसून राहते, म्हणून जग तगते.

ज्या धरालीत त्या म्हाताऱ्याने आम्हांला चहा दिला आणि हात जोडले, त्या गावावर ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगंगेच्या ओढ्यातून चिखल-दगडांचा लोंढा आला. पाहता पाहता बाजार गाडला गेला, माणसे गेली. तो म्हातारा होता की नव्हता, आम्हांला कळले नाही. त्या आपत्तीचा दोष अमक्याचा असे म्हणण्याइतके आम्ही जाणते नाही. पण तो डोंगर किती कोवळा आहे, त्याची माती धरून ठेवणारी ही मुळे म्हणजे काय आहेत, हे त्या दिवसानंतर तरी यात्रेकरूने मनात धरले पाहिजे.

रस्ताच नको, असे आमचे म्हणणे नाही. जवानाला रस्ता हवा, तिथल्या बाळंतिणीला हवा, आबांनाही शेवटी गाडीच उपयोगी पडली. आमचा प्रश्न त्यांच्याविषयी नाही. तो आपल्याविषयी आहे, जे एका दिवसात चार धाम उरकू पाहतात त्यांच्याविषयी. माझ्या पोहोचण्याचा भार कोणावर पडतो? एवढे एक विचारावे.

कालिदासाने रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात एका देवदाराची कथा घातली आहे. शंकराने त्या झाडाला पुत्र मानलेले. पार्वतीने त्याला लेकरासारखे पाणी घालून वाढवले. एकदा रानहत्तीने अंग घासून त्याची साल काढली, तेव्हा त्या माऊलीला पुत्राला जखम व्हावी तसे दुःख झाले. म्हणून शंकराने राखणीला सिंह ठेवला आणि जवळ येईल तो प्राणी त्याला भक्ष्य म्हणून नेमून दिला. तिथे वसिष्ठांची गाय नंदिनी चरत गेली आणि सिंहाने धरली. दिलीप राजा तिचा राखणदार. पाहा, प्रसंग किती अवघड! सिंहही धर्माने वागतो, झाडाचा तो रक्षक. गाय सोडावी तर राजाचा धर्म बुडतो. राजाने काय केले? झाड थोर की गाय थोर, याचा वाद घातला नाही. तो म्हणाला, गाय सोड, माझा देह घे.

आमच्या मते सारा सिद्धांत इथे आहे. दोन धर्मांची टक्कर होते तेव्हा त्या टकरीची किंमत दिलीप स्वतःच्या अंगावर घेतो. आम्ही काय केले? पर्वकाळ आणि आबा यांची टक्कर झाली आणि किंमत आबांच्या अंगावर टाकली. देह देणे तर दूर, चार घटकाही दिल्या नाहीत. नाथबाबांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही कथा आम्ही किती फडांत रंगवून सांगितली असेल. लोक रडले आहेत, आम्हीही डोळे पुसले आहेत. आणि प्रत्यक्ष भागीरथीच्या काठी, त्याच गंगेच्या नावाने, आमच्या कावडीतले थेंबभर पाणी आम्हांला सांडवेना! कथा सांगता येणे निराळे आणि कथेत सापडणे निराळे.

म्हणून त्या तरुणाला आमचे उत्तर असे. बाळा, पाय दुखवल्याने देव अधिक भेटत नाही. चालण्यात जर काही असेल तर ते इतकेच, की चालणारा कोणाचे फार घेत नाही. त्याला पावलापुरती वाट पुरते. तिच्यासाठी झाड पाडावे लागत नाही, डोंगर फोडावा लागत नाही. आणि दुसरे, चालणाऱ्याला मागे वळून पाहता येते. दिंडीत वीणेकरी आपल्या मनाने धावत नाही. टाळाच्या तालावर म्हातारी, लेकुरवाळी, आंधळा, सारे एका गतीने सरकतात. ती गती सर्वांत अशक्त माणसाची. ती धरवली तर पायी वारी सार्थकी लागली. न धरवली तर पायी जाऊनही आमच्यासारखी गत. आणि गाडीत बसून कोणी आजाऱ्याला जागा करून देत असेल, तर त्याची वारी आमच्या त्या रात्रीपेक्षा निश्चित मोठी. पालखीच्या वाटेवर रस्ता रुंद होताना जुनी झाडे गेली, ते ज्येष्ठ-आषाढाच्या उन्हात चालणाऱ्याला चांगले कळते. तिथे प्रत्येक दिंडीने दहा झाडे लावून ती जगवली, तर ते आपल्या कष्टांतले खरे कष्ट होतील.

आबा २०२२ साली वैकुंठवासी झाले. शेवटच्या आजारात आम्ही भेटीस गेलो होतो. क्षमा मागावी म्हणून विषय काढला, "आबा, त्या रात्री रानात..." त्यांनी पुढे बोलू दिले नाही. डोळे मिटून म्हणाले, "काय वास होता हो बुवा त्या झाडांचा!" तेव्हा आम्ही ज्या वाटेने घाईघाईने निघून गेलो, तिथे रात्रभर ते बसले होते, आणि जे घ्यायला आम्ही धावलो, ते त्यांना बसल्या जागी मिळाले होते.

तेव्हापासून दिंडीत आम्ही शेवटच्या ओळीत चालतो. धाप लागलेला कोणी मागे राहिला की थांबतो. पोहोचायला उशीर होतो. पण विठोबा विटेवर उभाच आहे. त्याने आजवर उशीर झाला म्हणून कोणाला परत पाठवल्याचे ऐकिवात नाही.

रामकृष्णहरि.